चांदाईचा माळ, वर्ग सात

‘थांबा मावशी, हलू नका. तुमच्या पायाखाली एकशे बारा आहे.’

ठकूबाई एक पाय उचललेल्या तशाच थांबल्या. मग खाली वाकून त्यांनी दोन्ही हातांनी गवत फाकवलं.

‘काय हाय? इच्चू?’

‘नंबर आहे. एकशे बारावा बिंदू.’

‘कुटं? मला तर गवातच दिसतंय.’

‘मलाही,’ मी म्हटलं. ‘तीच तर पंचाईत आहे.’

भाद्रपद चालू होता. माणदेशात पावसाची बढाई मारण्यासारखं काही नसतं, पण त्या वर्षी दोन बऱ्या सरी झाल्या होत्या आणि चांदाईच्या माळावर गवत माझ्या कमरेला लागत होतं. वारा आला की सगळा माळ एका बाजूला कलंडायचा आणि पुन्हा उभा राहायचा. माझ्या हातात जीपीएसचं यंत्र होतं. खांद्याला पिशवी, तीत फॉर्मांचा गठ्ठा आणि सुंभाची एक मीटर बाय एक मीटर अशी चौकट. फॉर्मवर एकशे बारा नंबरापुढे संगणकानं आधीच छापून ठेवलं होतं: ‘वर्ग सात. पडीक, खडकाळ.’

काम असं होतं. पुण्यातल्या आमच्या कचेरीत उपग्रहाच्या चित्रावरून तालुक्याचे नकाशे व्हायचे. जंगल कुठे, झुडपं कुठे, शेत कुठे, पाणी कुठे. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड वेगळा, त्यावरून संगणक ठिपके वेगवेगळ्या वर्गांत टाकायचा आणि वर्गाला रंग द्यायचा. तो बरोबर आहे का हे बघायला कोणीतरी प्रत्यक्ष जायचं. नकाशावर चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोनशे दहा बिंदू पडलेले असत. प्रत्येकावर जाऊन उभं राहायचं आणि डोळ्यांना दिसेल ते भरायचं. त्यातले सेहेचाळीस बिंदू एकट्या चांदाईच्या माळावर पडले होते, आणि सेहेचाळीसच्या सेहेचाळीस वर्ग सात.

मी त्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले होते. बारावी, मराठी तीस, इंग्रजी चाळीस. शेजारच्या टेबलांवरची एम.एस्सी. झालेली मुलं काय करतात ते मी मागून बघायची. ती जेवायला गेली की त्यांच्या संगणकावर करून पाहायची. मदतीची इंग्रजी पानं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची. असं शिकलेल्या माणसाला काही अवघड गोष्टी फार छान येतात आणि काही सोप्या गोष्टी येतच नाहीत; माझं तसंच होतं. मला जंगलाचा हिरवा आणि उसाचा हिरवा चित्रात नुसता बघून ओळखता यायचा. ‘अक्षांश’ आणि ‘रेखांश’ यांत मात्र पाच वर्षं गोंधळ व्हायचा, आणि प्रत्येक वेळी मी पृथ्वीचं चित्र हवेत बोटानं काढून खात्री करून घ्यायची. आमचे सर, डॉक्टर वैशंपायन, ते बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांनीच या तालुक्याचं काम माझ्याकडे दिलं. अहवालाच्या पहिल्या पानावर नाव घालणार म्हणाले, ‘विश्लेषक : सौ. सुनीती पोरे.’ मी ते घरी चार वेळा कागदावर लिहून पाहिलं होतं. अडतीस वर्षांची बाई होते मी.

‘मग लिव्ह की,’ ठकूबाई म्हणाल्या. ‘गवात.’

‘लिहिते. तुम्ही चौकटीतून पाय काढा आधी.’

‘गवताला चौकट घालनारी बाई म्या पैल्यांदा बघितली,’ त्या पदर तोंडाला लावून हसल्या. ‘मुजावर, तुमच्या बाईला घरी कुनी काय बोलत न्हाय व्हय?’

मुजावरभाई आमच्या जीपचे चालक. ते लिंबाखाली बसून दात कोरत होते. ‘बोलतात की,’ ते म्हणाले. ‘म्हणून तर बाहेर पाठवतात.’

ठकूबाई कोळेकर पन्नाशीच्या असाव्यात. त्यांच्या वाड्याची, म्हणजे त्यांच्या आणि दिरांच्या मिळून दोन-अडीचशे मेंढरं होती. पहिल्या दिवशी त्या काठी घेऊन थेट जीपच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. ‘फक्की मारायला आलाय का?’ हा पहिला प्रश्न. मला कळेना. मग त्यांनी काठीनं ओढ्यापलीकडचा माळ दाखवला. तिथे पांढऱ्या फक्कीच्या रेघा होत्या आणि रेघांवर ओळीनं खड्डे, हजारो, सगळे एका मापाचे. झाडं लावायला सरकारी लोक मोकळी जागा शोधताहेत, त्यांनी सांगितलं. तार मारून कुंपण करतात. मग आत मेंढरू गेलं तर कोंडवाड्यात.

‘त्यो माळ कुनाचा व्हता?’ मी विचारलं. पहिल्याच दिवशी माझीही जीभ त्यांच्या जिभेला लागली होती.

‘शेंडग्यांचा वाडा चरायचा तितं. आता त्ये पार खाली गेले, साखरकारखान्याच्या अंगाला. उसाचं वाढं खातीत मेंढरं. पोटं फुगत्यात.’ मग त्या म्हणाल्या, ‘आमचा न्हाय ना धरला?’

मी खरं ते सांगितलं. आमचा नकाशा झाला की तो त्याच लोकांकडे जाणार. नकाशात जी जागा वर्ग सातमध्ये, ती मोकळी. तिथे खड्डे. जी दुसऱ्या कशात, ती सुटली.

‘आनि आमचा माळ कशात हाय?’

‘सध्या सातात आहे.’

‘कुनी घातला?’

‘संगणकानं. त्यानं मार्चमधलं चित्र बघितलं. पावसाळ्यात ढग असतात ना, वरून काही दिसत नाही. म्हणून मार्च-एप्रिलची चित्रं घेतात.’

ठकूबाईंनी बोटांवर महिने मोजले.

‘चैतात? अगं बया, चैतात हितं काय आसतंय? आमी बी नसतुय. दिवाळी झाली की कोकनात जातुय, ते पार जेष्ठात येतुय. चैतात येऊन माळाचा फोटू काढला म्हंजी मांडव उतरल्यावर येऊन नवरी कुटाय म्हनून इचारल्यासारखं झालं की.’

‘म्हणून तर मी आले आहे,’ मी म्हटलं. ‘संगणकाचं चुकलं ते दुरुस्त करायला.’

तेव्हापासून त्या मला ‘तू’ म्हणायला लागल्या.

तीन दिवस आम्ही दोघी माळ चाललो. मी बिंदू शोधायची, त्या गवत सांगायच्या. मला सगळं एकच वाटत होतं. त्यांनी हातात काडी देऊन शिकवलं. ही मारवेल, हिच्या पेऱ्याला लव असते. हा शेडा, हा पवना, दूध वाढवतो. ही कुसळी, पिकली की लोकरीत घुसते, ती कोवळी असतानाच चारून टाकायची. मी फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून घेत होते, कारण पुढच्या बाजूला गवतासाठी फक्त दोन शब्दांची जागा होती. माळाच्या मधोमध एक मोठा तुकडा होता. त्याच्या चारी कोपऱ्यांना चुना लावलेले धोंडे होते, आणि तिथलं गवत सगळ्यांत उंच.

‘ह्यात कुनी शिरायचं न्हाय,’ ठकूबाई म्हणाल्या. ‘दसऱ्यापातूर. बी पडू द्यायचं. बी पडलं की मग उघडायचं.’

‘आणि कोणी शिरलंच तर?’

‘तर त्येच्या घरच्या हळदीला कुनी जात न्हाय.’

‘बस्स? एवढंच?’

‘एवढंच?’ त्या थांबून माझ्याकडे बघत राहिल्या. ‘तुज्याकडं लगीन निघालं आनि हळद लावायला एक बाई आली न्हाय, मग सांग मला एवढंच का काय ते.’

तिसऱ्या दिवशी सेहेचाळीसावा बिंदू झाला. ठकूबाईंनी बाजरीची भाकरी, ठेचा आणि हुलग्याचं माडगं आणलं होतं. मुजावरभाईंनी दोन वाट्या माडगं घेतलं आणि तिसऱ्या वाटीच्या आशेनं पातेल्याकडे बघत राहिले.

‘झालं न्हवं?’ ठकूबाईंनी विचारलं. ‘समद्या नंबरावर लिव्हलं?’

‘सगळ्यांवर. गवत, गवत, गवत. हात दुखला लिहून.’

‘दाव.’

मी गठ्ठा त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी एकेक फॉर्म उलटून, जिथे मी लिहिलं होतं तिथे बोट टेकवलं. सेहेचाळीस वेळा. मी मोजत नव्हते, पण त्या मोजत होत्या.

‘जमलं,’ त्या म्हणाल्या. ‘आता सातातनं निघंल?’

‘निघेल,’ मी म्हटलं. ‘मी काढीन.’

पुण्याला आल्यावर मी आठवडाभर खाली मान घालून काम केलं. आमच्या नकाशाला वरून ठरवून दिलेले अकरा रंग होते. त्यांत गवत नव्हतं. मी बारावा रंग केला. पिवळाही नाही आणि तांबूसही नाही, भाद्रपदाच्या शेवटी शेडा दिसतो तसला. तो जमवायला मला दीड दिवस लागला. जीपीएसमध्ये आमच्या पायवाटेची नोंद होती, तिच्या आधारानं मी माळाची कड हातानं कोरून काढली. राखलेला तुकडासुद्धा. नकाशा छापून मी सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला.

‘सुंदर आहे,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘बसा, पोरेबाई.’

सर कधी कुणाला ‘बसा’ म्हणायचे नाहीत. वाईट बातमी असली तरच.

‘अचूकता किती आली?’

‘सत्तर टक्के.’

‘म्हणजे मूळ नकाशाची.’

‘हो. दोनशे दहापैकी त्रेसष्ट चुकीचे. त्यातले सेहेचाळीस या माळावरचे.’

‘आणि लागते पंच्याऐंशी.’ त्यांनी कागद खाली ठेवला. ‘तुमचा हा बारावा रंग मला घालता येणार नाही. बाकीच्या तालुक्यांत अकरा आहेत. शेजारच्या नकाशाला जोडायला गेलं की शिवेवर गवत अचानक संपेल. शिवाय हे तुम्ही हातानं काढलंय. आपण लिहून दिलंय की वर्गीकरण संगणक करेल.’

‘मग ऑक्टोबरचं चित्र मागवू. त्यात गवत दिसेल. मी सगळं परत करते.’

‘तीन महिने लागतील. आपल्याकडे अकरा दिवस आहेत.’

‘सर, तिथे गवत आहे. मी त्यात उभी होते. कमरेएवढं होतं.’

‘मला माहीत आहे,’ ते म्हणाले. आणि त्यांना खरंच माहीत होतं. सरांचा राग येता तर बरं झालं असतं. ‘पण चित्र मार्चचं आहे आणि तुम्ही गेलात सप्टेंबरात. मार्चमध्ये तिथे खडकच दिसतो. म्हणजे संगणक चुकला नाही. तुम्हीही चुकला नाहीत. दोघं वेगवेगळ्या दिवशी गेलात, इतकंच.’

‘पण खड्डे तर तिथे बाराही महिने राहणार ना?’

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर उतरवला. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

‘दोन गोष्टी करता येतील,’ मग ते म्हणाले. ‘एक, आहे तसं पाठवायचं. सत्तर टक्के. परत येईल. काम दुसऱ्या कुणाला जाईल, ते जागेवरसुद्धा जाणार नाहीत. आणि विचारतील की विश्लेषक कोण? शिक्षण काय? तुमचं नाव घालताना मी इथे चार जणांशी भांडलोय, पोरेबाई. मला त्याचं काही नाही. पण पुन्हा नाही भांडता येणार.’

‘आणि दुसरी?’

त्यांनी नियमावली उघडली. पान त्यांना पाठ होतं. बिंदूपुढच्या शेऱ्यांची यादी होती: ‘जुळला’, ‘जुळला नाही’, ‘पोहोचता आले नाही.’

‘शंभरात पंचवीसपर्यंत बिंदूंवर पोहोचता आलं नाही तर ते हिशेबातून वगळता येतात,’ सर म्हणाले. ‘मी सांगत नाही. हे लिहिलंय, ते दाखवतो आहे. विश्लेषक तुम्ही आहात.’

ते जेवायला गेले. मी टेबलाशी बसून आकडेमोड केली. ती मला लगेच आली. सेहेचाळीस म्हणजे शंभरात बावीस, बसत होते. उरले एकशे चौसष्ट, त्यातले सतरा चुकीचे. एकोणनव्वद पूर्णांक सहा. आमच्या कचेरीत त्या वर्षी एवढी अचूकता कुणाचीच आली नव्हती.

मी स्वतःला काय काय सांगितलं ते सांगते. पाच वर्षांनी नकाशा पुन्हा होईल, तेव्हा ऑक्टोबरचं चित्र घेऊ. खड्डे मारणारे जागेवर येतीलच, गवत बघतील, त्यांना डोळे नाहीत का. काम दुसऱ्याकडे गेलं तर माळाचं आणखी वाईट होईल. ही शेवटची गोष्ट तर मी इतकी मनापासून सांगितली की संध्याकाळपर्यंत मला माळासाठी काहीतरी करत असल्यासारखं वाटू लागलं.

सेहेचाळीस फॉर्म मी नव्यानं भरले, प्रत्येकावर ‘पोहोचता आले नाही.’ जुने फाडले नाहीत. फाडायचं धैर्य नव्हतं, की ठेवायचा कोडगेपणा होता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण एक अडचण राहिली. गाडीची नोंदवही. तीत मुजावरभाईंच्या सुवाच्य अक्षरात तीन दिवस लिहिलेलं होतं: ‘चांदाईचा माळ, जाऊन-येऊन.’ नोंदवही अहवालाला जोडावी लागायची. मी ती घेऊन खाली गेले. मुजावरभाई बॉनेट उघडून वाकले होते.

‘भाई, यात थोडा बदल करायचाय. माळावर गेलो नाही असं लिहायचं.’

त्यांनी फडक्याला हात पुसले. ‘गेलो नाही?’

‘ओढ्यापर्यंत गेलो. पुढे जाता आलं नाही.’

‘का बरं?’

‘ओढ्याला पाणी होतं.’

मुजावरभाई माझ्याकडे बघत राहिले. ते म्हणजे सारा माणदेश हिंडलेले, दहिवडीची सासुरवाडी. त्या ओढ्याला आम्ही पावलं भिजतील एवढंही पाणी बघितलं नव्हतं. मी त्यात चपला हातात न घेता उतरले होते.

‘किती होतं, मॅडम?’

‘गाडी जाणार नाही एवढं.’

‘तीन दिवस?’

‘तीन दिवस.’

त्यांनी खिशातलं पेन काढलं, वही बॉनेटवर ठेवली आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता म्हणाले, ‘त्या लोकांना कळलं तर नारळ घेऊन येतील ओढ्याला. आजोबांच्या वेळेला आला होता म्हणतात पूर.’

मी हसले. ते हसत नव्हते. त्यांनी वही मला दिली आणि पुन्हा बॉनेटखाली वाकले.

अहवाल वेळेवर गेला. पहिल्या पानावर नाव होतं. ‘विश्लेषक : सौ. सुनीती पोरे.’ घरी ह्यांनी ते पान पेपरवाल्या दिनकररावांना, खालच्या कुलकर्ण्यांना आणि माझ्या सासूबाईंना दाखवलं. सासूबाईंनी विचारलं, ‘म्हणजे काय करते ही?’ हे म्हणाले, ‘कुठे काय उगवतं ते सांगते.’

चार वर्षांनी मी पुन्हा गेले. तोवर माझं टेबल खिडकीजवळ आलं होतं आणि माझ्या हाताखाली दोन एम.एस्सी. मुली होत्या. लावलेली झाडं जगली का हे चित्रावरून बघायचं काम आलं होतं. कुणी जायचं, असा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, मी जाते. तालुका माझ्या माहितीचा आहे. गाडी मुजावरभाईंचीच होती. वाटेत ते घाटाबद्दल, जावयाबद्दल, डिझेलबद्दल बोलले.

चांदाईच्या माळाला तारेचं कुंपण होतं आणि आत ओळीनं झाडं. गिरिपुष्प होतं, ऑस्ट्रेलियन बाभूळ होती. निम्मी जगली होती, जगलेली डोक्याच्या वर गेली होती. त्यांच्याखाली काही नव्हतं. वाळलेली पानं आणि मुरूम. चित्रात मात्र तो सगळा भाग मार्चमध्येसुद्धा हिरवागार दिसत होता, वर्ग चार, म्हणजे झाडी, आणि मला त्यात चूक काढता येत नव्हती.

कुंपणाच्या कडेला, रस्ता आणि तार यांच्या मधे, वीस-पंचवीस पावलांचा पट्टा उरला होता. तिथे एक बाई पाच-सहा शेळ्या घेऊन बसल्या होत्या. शेजारी आणखी एक बाई होती. मी गाडीतून उतरायला नको होतं. उतरले.

‘अगं बया,’ ठकूबाई उठल्या. ‘चौकटवाली बाई न्हवं ही?’

त्या वाळल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. मेंढरं दोन वर्षांमागं दिली. दीर कारखान्याच्या अंगाला गेला, शेंडग्यांच्या शेजारी. त्या राहिल्या, शेळ्यांवर. शेळीला काय, बाभळीचा पाला चालतो. हे सगळं त्यांनी कुणा दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं सांगितलं.

मला वाटत होतं, आता विचारतील. मी वाटेत उत्तरं तयार केली होती. अकरा रंग, मार्चचं चित्र, पंच्याऐंशी टक्के. सगळी खरी होती.

ठकूबाईंनी शेजारच्या बाईच्या दंडाला धरून तिला पुढे ओढलं. ‘ही माजी भन, पारूबाई. पारे, ही बग ती. म्या सांगते न्हवं तुला? तीन दिस माज्यासंगं हिंडली. समद्या नंबरावर गवात लिव्हलं हिनं. म्या सोता बोट लावून बघितलं. सेहेचाळीस.’ मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, ‘वरच्यांनी खोडलं आसंल. व्हय ना?’

मुजावरभाई पलीकडे उभे होते. त्यांनी ऐकलं. ते चाकाजवळ जाऊन बसले आणि हवा बघू लागले.

‘हो,’ मी म्हटलं.

‘म्या म्हनलंच व्हतं,’ ठकूबाई पारूबाईंना म्हणाल्या. ‘वाड्यावरचे म्हनत व्हते, त्या पुन्याच्या बाईनंच घात केला. म्या भांडले. म्हनलं, माज्या हातची भाकर खाल्ली तिनं, आशी न्हाय ती.’

पारूबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग त्यांनी तीन दगडांवर ठेवलेल्या पातेल्यातला चहा मला कपात दिला. ठकूबाईंना आणि स्वतःला बशीत ओतला, कारण कप एकच होता. मी तो घेतला. प्यायले.

‘कोन गं ते वरचे?’ ठकूबाईंनी विचारलं. ‘तुजा सायब?’

‘एकच माणूस नसतं, मावशी.’

‘आसंना का. खोडनारा हात तर एकाचाच आसंल.’ त्या बशीवर फुंकर घालत होत्या. ‘त्येला एकदा घिऊन ये. म्या शिव्या न्हाय देनार, तुजी शप्पत. तुजी नोकरी बी जायाची न्हाय. नुसतं दावीन.’

‘काय दाखवणार आता?’

‘हाय की.’ त्यांनी बशी खाली ठेवली, माझा हात धरला आणि मला तारेच्या कडेनं पुढे नेलं. पट्टा पुढे थोडा रुंद झाला होता, आठ-दहा खाटा मावतील एवढा. तिथे शेडा होता. पिकायला आलेला, तांबूस. एका बाजूच्या धोंड्याला ताजा चुना होता. शेळ्या त्या बाजूला येत नव्हत्या. पारूबाई काठी घेऊन मधे उभ्या राहिल्या होत्या.

‘दसऱ्याच्या आदी आन त्येला,’ ठकूबाई म्हणाल्या. ‘मागनं आला तर बी पडून गेलेलं आसंल. मग त्येला काय दिसायचं न्हाय. पुन्हा म्हनंल, खडकच हाय.’

‘बरं.’

‘आनि गाडी रस्त्यानं आनू नगा, तारंवाला राखनदार आडवतुय. शाळंच्या मागनं यायचं. तितनं वढ्यात उतरायचं, डाव्या अंगाला करंज हाय, तिच्यापास्नं वर. चुकंल तो. लिव्हून घे की.’

मी पिशवीतून वही काढली. त्या सांगत होत्या तशी शाळा काढली, ओढा काढला, करंज काढली. त्या माझ्या खांद्यावरून बघत होत्या. करंज जरा जास्त उजवीकडे झाली होती, ती त्यांनी मला खोडून नीट काढायला लावली.